खाटेच्या दोन बाजूंचे काळे पडदे

घडी घालता येणारा ॲल्युमिनियमचा स्टँड, वजन सव्वादोन किलो. तीन मीटरवरून बघायचा तक्ता, त्यातली प्रत्येक खूण मी स्वतः आखलेली. भिंगं ठेवायची सागाची पेटी, आतून मखमल. आडव्या माणसाच्या नाकावरून घसरणार नाही अशी चष्म्याची चौकट. आणि दोन काळे पडदे, चार फूट बाय सहा, दोरीसकट. कुठलाही कोर्स न करता, तळोज्यातल्या कारखान्यातली पाळी सांभाळून हे सगळं मी या दोन हातांनी केलं. दुसऱ्याच्या गौरवग्रंथात स्वतःची यादी का, असं कोणी विचारेल. पहिल्या चार वस्तू माझ्या डोक्यातून आल्या. पडदे मात्र श्री. विष्णू सामंत यांच्यामुळे करावे लागले, म्हणून.

सरांचं बेलापूरला चष्म्याचं छोटं दुकान आहे. मी नंबर काढायला गेलो आणि त्यांचा तक्ता खुर्चीपासून नियमाप्रमाणे सहा मीटरवर नाही, असं तोंडावर सांगितलं. दुसऱ्या कोणी मला बाहेर काढलं असतं. सर म्हणाले, "टेप आहे का जवळ?" होती. पाच मीटर बहात्तर भरलं. त्यांनी तिथल्या तिथे खुर्ची मागे सरकवली आणि विचारलं, "रविवारी मोकळे असता का?"

तिथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. ज्यांना जिना उतरता येत नाही, ज्यांनी अंथरूण धरलं आहे, त्यांच्या घरी जाऊन नंबर काढायचा, हा सरांचा रविवारचा नेम. मी कागदावर आखून द्यायचो: घरं तीन, प्रत्येकी चाळीस मिनिटं. सर पहिल्याच घरी दीड तास बसणार. गाव कुठलं, झोप लागते का, चहा, परत अर्धा चहा. पेटी उघडायची बाकीच!

"सर, वाशीचे आजोबा वाट बघत असतील."

"अहो, ते कुठे जाणार आहेत?"

सहा वर्षं मी हेच सहन करतो आहे.

पण दिघ्याचा रविवार सांगायलाच हवा. तिथे अनसूयाबाई म्हणून आजी होत्या, मूळच्या परभणीकडच्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून खाटेवर. अलीकडे त्या घरच्यांनाच "कोन हाय?" विचारायला लागल्या होत्या. मुलगा भीमराव म्हणाला, "साहेब, डोळे तेवढे चेक करा. डोळे ओके असतील तर डोकंच गेलंय म्हणायचं. मग गावी मामाकडे सोडून येतो. आम्ही दोघं कामाला, इथं बघणार कोण?"

आजी ऐकत होत्या. "मला न्हाई जायाचं कुठं," एवढंच म्हणाल्या.

खोलीत अर्धी गल्ली जमलेली. मधली वाट मोकळी हवी म्हणून मी सगळ्यांना दोन्ही भिंतींना लावून उभं केलं. आजींना अक्षरओळख नव्हती, म्हणून फणीसारख्या तीन दातांच्या खुणांचा तक्ता लावला. दात ज्या बाजूला, त्या बाजूला हात करायचा. मी एकेका खुणेवर काठी ठेवत गेलो आणि आजी खालच्या ओळीपर्यंत धडाधड हात करत गेल्या. सरांनी वहीत लिहिलं, 'नजर उत्तम.' भीमरावने मान खाली घातली. आजी भिंतीकडे तोंड करून पडल्या.

बस स्टॉपवर सर एकदम थांबले. "अहो, तुम्ही काठी ठेवलीत की आधी ती हिरव्या साडीतली शेजारीण हात करायची. मग आजी."

"सर, बस आली."

"जाऊ द्या बस."

"पेटी बांधून झालीय, सर! पुढे दोन घरं आहेत!"

सर केव्हाच उलटे चालू लागले होते.

परत गेल्यावर त्यांनी खाटेच्या दोन्ही बाजूंना दोरी बांधून साड्या टाकायला लावल्या. "अगं बाई, मी कुठं सांगितलं?" शेजारीण म्हणाली. तिचा हात आपोआप वळत होता, तिला पत्ताच नव्हता. आणि चुकलं तर गावी धाडतील या धास्तीने आजी तिचं बघून हात करत होत्या. आता आजींना दुसरी ओळही दिसेना. नंबर मोठा निघाला, मोतीबिंदूची सुरुवातही. सरांनी भिंगं चढवली आणि विचारलं, "आजी, दारात कोण आहे?"

आजींनी बराच वेळ पाहिलं. "सून हाय माजी." मग म्हणाल्या, "लई वाळलीस गं. जेवतीस का न्हाई?"

सुनेने पदर तोंडाला लावला. मामाचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

सरांनी वहीतली आधीची नोंद खोडली, शेजारी 'चूक माझी' लिहून सही केली आणि भीमरावला वाचून दाखवली. जिना उतरताना मी म्हणालो, "सर, माणसं भिंतीला मी उभी केली होती."

"हो ना? मग पडदे करा."

सर आता साठ वर्षांचे होत आहेत. त्यांना निरोगी दीर्घायुष्य लाभो, त्यांचे गुडघे असेच चालत राहोत, त्यांनी असंच अर्ध्या वाटेवरून मागे फिरावं आणि बांधलेली पेटी मी चरफडत पुन्हा उघडावी.

परवा एक मोठे चष्मेवाले माझा संच बघून गेले. शिबिरांसाठी असे वीस हवेत म्हणाले, फक्त पडदे काढा, वजनही कमी होईल आणि तपासणीही लवकर उरकेल. सगळ्यांची मिळून मजुरी चोवीस हजार रुपये, निम्मे आगाऊ. मी नाही म्हणालो.