दिल्लीच्या मैदानात इंद्रभानमामा

आमचा इंद्रभानमामा दारुडा होता, असं वरवट बकालात आजही कोणी सांगेल. सांगणाऱ्याला मी तिथल्या तिथं गप्प करते. मामानं आयुष्यात थेंब घेतला नाही, पोळ्याच्या दिवशीसुद्धा नाही. पण गावाला एखादी गोष्ट गोड लागली की सुटत नाही, आणि या गोष्टीला खतपाणी आमच्याच घरातून मिळालं. त्याची मला आजही लाज वाटते.

मामा आईचा धाकटा भाऊ. आमचे वडील गेले तेव्हा तो आमच्याकडे राहायला आला आणि आमचाच झाला. दिवसभर वांग्या-मिरचीच्या वाफ्यात राबायचा आणि हिवाळा आला की शंकरपटाला जायचा. बैलांच्या या शर्यतीत जोडी हाकणारा वेगळा. मामाचं काम पटाच्या शेवटाला. जिथं जोडीचा दम सुटतो तिथं तो उभा राहायचा आणि बैल जवळ आले की त्यांची नावं घेत, ओरडत, बाजूनं जिवाच्या आकांतानं पळत सुटायचा. बैल त्याच्या आवाजावर ओढले जायचे. लोक पार जळगाव जामोदकडून त्याला बोलवायला यायचे.

माझा थोरला भाऊ शालिग्राम पळायला लागला तेव्हा मामानं त्यालाही तसंच तयार केलं. सोनाळ्याच्या गाडरस्त्यानं शालिग्राम पळत यायचा आणि शेवटच्या टप्प्यात मामा धोतर खोचून त्याच्या बाजूनं. "चाल माह्या राजा! चाल बे!" त्या आवाजावाचून शालिग्राम कधी शेवटाला पोचलाच नाही. जिल्ह्यात जिंकला, नागपुरात जिंकला, तेव्हाही मामा दोरीच्या बाहेरून पळतच होता. तिथं कोणी काही म्हणालं नाही.

सहासष्ट साली दिल्लीला निवड चाचणी होती. पाच हजार मीटरला पहिले दोघे येतील ते बँकॉकच्या आशियाई स्पर्धेला जाणार. बँकॉक कुठं आहे हे आमच्या मास्तरांनाही नकाशात शोधावं लागलं. मामा सोबत निघाला तेव्हा शालिग्रामनं त्याला बजावलं, "मामा, तिथं मोठे साहेब लोक राहतात. तुमी बाकावरच बसजा."

"बसतो ना बे," मामा म्हणाला. "मी काय बैल हाय का उधळाले?"

शेवटच्या फेरीला शालिग्राम चौथा होता. पाय जड झाले आणि सवयीनं त्यानं मान वळवून मामाला शोधलं. मामानं ते पाहिलं. मग कसला बाक आणि कसले साहेब! कठड्यावरून उडी टाकून तो आतल्या गवतावरून भाच्याच्या बाजूनं पळू लागला, ओरडू लागला. शालिग्राम दुसरा आला.

पंचांनी मामा-भाचा दोघांनाही उभं केलं. आपल्या माणसानं बाजूनं पळून जोर दिला तर खेळाडू बाद, असा तिथला नियम. पण कोणी भलताच प्रेक्षक घुसला असेल तर त्यात खेळाडूचा दोष नाही. एका पंचानं शालिग्रामला विचारलं, "ये आदमी तुम्हारा है?"

शालिग्राम खाली आपल्या पायांकडे पाहू लागला. हो म्हणावं तर बँकॉक गेलं. शिवाय त्या गोऱ्यागोमट्या लोकांत हा विटक्या बंडीतला, अनवाणी, धापा टाकणारा माणूस आपला आहे हे म्हणायचीही त्याला लाज वाटली. हे त्यानंच पुढे कबूल केलं.

मामानं भाच्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मुद्दाम झोकांडी खाल्ली. "मय किसीका नही साब. दारू पिया हूं."

पोलिसांनी त्याला मानगूट धरून बाहेर काढलं. निकाल कायम राहिला.

घरी येऊन मामानं शालिग्राम दुसरा आला एवढंच सांगितलं. पण सोनाळ्याचा एक फौजी त्या दिवशी मैदानात होता. तो सुट्टीवर आला आणि इंद्रभान दिल्लीत पिऊन पळाला, पोलिसांनी धरला, ही बातमी आठवडी बाजारात पोचली. शालिग्रामचं नाव बँकॉकच्या यादीतून कापलं जाऊ नये म्हणून मामा मान डोलवायचा. "हाव बा, घेतली होती जराशी." पटाची बोलावणी बंद झाली. पिणाऱ्याच्या भरवशावर कोण आपली जोडी सोडणार?

बँकॉकच्या शर्यतीत शालिग्राम मागेच पडला. तरी गावानं हलगी लावून त्याला मिरवलं आणि शाळेत सत्कार ठेवला. त्या सकाळी आईनं त्याला समोर बसवून सगळं खरं काढून घेतलं. आता त्याचं नाव कोणी कापणार नव्हतं.

"आज चार लोकायत सांग," आई म्हणाली. "माह्या भावाले मोकळं कर."

"सांगतो," शालिग्राम म्हणाला.

सत्काराला सरपंच भगवंतराव बोलायला उभे राहिले. मागं उभ्या असलेल्या मामाकडे पाहून म्हणाले, "इंद्रभानले धरून ठेवा बे, नाहीतर पिऊन पयत सुटन!" सगळा मंडप हसला. मामा सगळ्यांत मोठ्यानं हसला. मी शालिग्रामकडे पाहत होते. आता उठेल, आता बोलेल. त्यानं गळ्यातला हार सारखा केला आणि तोही हसला. मग उठून त्यानं आईचे, गावाचे, मास्तरांचे आभार मानले आणि खाली बसला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

घरी आईनं दोघांना जेवायला वाढलं. शालिग्रामच्या ताटात भाकर टाकताना तिचा हात थांबला.

"गाव हासलं त्याचं मले काही नाही," ती म्हणाली. "तू काऊन हासला?"

शालिग्रामनं ताटावरून हात मागं घेतला. मामानं आपल्या पुढ्यातली भाजीची वाटी त्याच्याकडे सरकवली.

"जेवू दे वं बाई त्याले. सकायपासून उपाशी हाय."