जान्याने मारलेली रेघ

यांची पोस्टिंग बसऱ्याला झाली आणि माझी जव्हारात, आमच्याच घराच्या ओट्यावर. हे ट्रान्सपोर्टच्या खेचरपलटणीत नाईक होते. मी पंधरा वर्षांची. मला हुद्दा कुणी दिला नव्हता, मीच घेतला होता: लढाईवरून आलेली कार्डं वाचून दाखवणारी. संस्थानात वाचता येणाऱ्या बायका बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यात आपण अंगठा, अशी माझी समजूत. एवढा ताठा कर्नलसाहेबालाही नसेल.

बाजाराच्या दिवशी पाड्यांवरच्या बायका पोस्टातून थेट माझ्याकडे येत. पोस्टकार्डाला झाकण नसतं. पोस्टमास्तर वाचतो, डाकवाला वाचता येत नसलं तरी उलटसुलट करून बघतो. तरी माणसांचा जीव कार्डावरच. ते कमरेला खोचता येतं आणि वाटेत दहादा काढून बघता येतं. मेल्याची बातमी असली तर कोपरा फाडलेला असे. तसं कार्ड उंबऱ्याच्या आत नेत नसत, बाहेरच वाचून फाडून टाकत. म्हणून बायका आधी चारी कोपरे चाचपत, मग माझ्या हातात देत.

फ्रंटवरचं कार्ड निराळं. वाक्यं आधीच छापलेली. 'मी बरा आहे.' 'मला दवाखान्यात भरती केले आहे.' त्याखाली 'आजारी', 'जखमी', 'आणि बरा होत आहे'. माथ्यावर हुकूम: लागू नसेल ते खोडावे, जास्त काही लिहिल्यास कार्ड नष्ट केले जाईल. हा हुकूम मला पाठ होता. मी तो जेवतानाही म्हणून दाखवत असे. सासूबाई म्हणत, "आता भाकरी खा, कलेक्टरीणबाई."

दाभोशाच्या लाडकीचा नवरा जान्या यांच्याच तुकडीत होता. त्याचं पहिलं कार्ड घेऊन ती आली. कोपरे शाबूत होते. 'मी बरा आहे' या वाक्यावर आडवी जाड रेघ होती. बाकी कशावरच रेघ नव्हती. दवाखान्याचं वाक्यही तसंच.

"जान्या बरा नाही," मी वाचलं. "दवाखान्यात आहे."

लाडकी ओट्याच्या कडेला बसली. "माना सांग बाय, काय झालंय त्याला?"

"आजारी. आणि जखमी."

"दोन्ही?"

"दोन्ही शब्द शाबूत आहेत."

"मरंल का?"

"तसं वाक्य छापलेलं नाही," मी म्हणाले. आज ती पंधरा वर्षांची मी माझ्याच हाती लागले तर खेचरांची लीद उपसायला लावीन.

लाडकी पावसाळाभर मान वर न करता लावणी-निंदणी करत होती. मग दुसरं कार्ड आलं. या वेळी 'मी बरा आहे' मोकळं होतं. दवाखान्यावर रेघ, 'जखमी'वर रेघ. 'आणि बरा होत आहे' यालाही हात लावलेला नव्हता.

"सुटला," मी म्हणाले. "दवाखाना खोडला, जखम खोडली. बरा आहे."

ती हसली. पुढच्या बाजाराला तिने मला काकड्या आणल्या. घराचा कूड ती नव्याने लिंपत होती. तो येईल तेव्हा घर नीट दिसायला हवं, असं म्हणत होती.

भात कापणीला आलं तेव्हा हे सुटीवर आले. पायात गोळी लागली होती. जान्या तिकडेच राहिला आणि यांना जहाजात चढवलं, त्यामुळे त्याचं पुढचं यांना माहीत नव्हतं. जेवताना मी माझी कामगिरी सांगायला घेतली. जान्याचं पहिलं कार्ड कसं वाईट होतं, दुसरं कसं चांगलं.

यांचा घास थांबला. "पहिलं कार्ड त्याने माझ्या शेजारी बसून केलं. ठणठणीत होता तो."

"मग 'मी बरा आहे' खोडलं का?"

"खोडलं नाही. रेघ मारली."

"एकच की."

"एक नाही. जंगलात मधाचं पोळं दिसलं की जान्याच्या लोकांतला माणूस झाडावर कोयत्याने रेघ मारतो. रेघ मारली की ते त्याचं. कारकुनाने हिंदीत समजावलं. जान्याने मान हलवली. जे आपलं, त्यावर रेघ मारली."

दुसरं कार्ड माझ्या डोळ्यांपुढे होतं. दवाखाना त्याचा. जखम त्याची. 'आणि बरा होत आहे' यावर त्याने रेघ मारलेली नव्हती.

यांनाही ते कळलं. ताट बाजूला सारून म्हणाले, "दाभोसा. आत्ता."

"पाय दुखेल तुमचा."

"चल."

लाडकी अंगणात नागली झोडत होती. यांना बघून तिने डोक्यावर पदर घेतला आणि यांच्या मागच्या वाटेकडे बघितलं. वाटेवर कुणी नव्हतं. यांनी दोन वाक्यांत सांगितलं. तिने कुडातून दोन्ही कार्डं काढली, रेघांवरून बोट फिरवलं.

"हे कधीचं?" तिने दुसरं कार्ड पुढे केलं.

शिक्का मी वाचला. मृग लागायच्या आधीचा होता.

"मग आता तो बरा झाला असंल, नाहीतर..." ती थांबली. "बाय, नवीन कार्ड येईल तवा तू वाचू नको. नाईकदादाला वाचू दे."

मला बरं वाटलं, हे आज सांगायला हरकत नाही.

नवीन कार्ड दिवाळीनंतर आलं. इंग्रजी छापील होतं, टंकलेलं नाव, खाली साहेबाची सही. ते यांनीच वाचलं, उभं राहून, अंगणातच. लाडकीने त्याचे कोपरे बघितले. चारी शाबूत होते. सरकारला आपली रीत कुठून ठाऊक.

"यात त्याचा हात कुठं लागलाय?" तिने विचारलं.

"कुठंच नाही," हे म्हणाले.

तिने ते फाडलं आणि ओहोळात सोडलं. रेघांची दोन कार्डं कुडात परत खोचली.

आमच्या घरी लढाईचा विषय निघाला की हे पदकांचं बोलत नसत. म्हणत, "दाभोशाचा जान्या. त्याच्या शिट्टीला बारा खेचरं थांबत."