कोरडा पट्टा

तो पट्टा अजूनही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. निवृत्त होऊन काही वर्षे झाली, पण काचा पुसायला लटकलेला माणूस दिसला की मी रस्त्यात थांबतो आणि आधी त्याची कंबर पाहतो.

तेव्हा मी कारंजा भागात ठाणेदार होतो. बाजारपेठेत समोरून सगळी काच असलेली चार मजली इमारत उभी राहिली होती. उद्घाटन दोन दिवसांवर आले होते. सकाळी दहाच्या सुमारास फोन आला की काचा पुसणारा माणूस वरून पडला. आम्ही पोहोचेपर्यंत त्याला दवाखान्यात नेले होते, पण जीव वाटेतच गेला. आकस्मिक मृत्यूची नोंद घेतली, पंचनामे केले, अंगावरचे कपडे आणि सुरक्षा पट्टा जप्त करून मुद्देमालात ठेवला.

मृत माणूस आणि त्याचा मेव्हणा आसेगावकडचे, विहिरीतला गाळ काढणारे. या कामात खाली उतरणाऱ्याचा दोर कशालाही बांधत नाहीत. वरचा माणूस तो कमरेला वेढा घेऊन स्वतःच्या हातात धरतो आणि खालचा वर येईपर्यंत कोणाच्याही हाकेला ओ देत नाही. माणसाइतका भरवसा त्यांना खुंटाचा वाटत नाही. हीच रीत ते शहरातल्या गच्चीवर घेऊन आले आणि ठेकेदाराने ती चालवून घेतली.

ठेकेदार बाहेरगावचा, बोलायला गुळगुळीत. "पट्टा मी सकाळी आठलाच दिला होता, साहेब. तो घालूनच दोन तास काम चाललं. यानं दोर सोडला, त्याला मी काय करणार?"

मेव्हण्याने तर विचारायच्या आधीच मान खाली घातली. "दोर माह्या हाती होता, साहेब. भाऊजी माह्याच्यानं गेले. लिहा तुमी."

बाहेर बाकावर मृताची बायको बसली होती, म्हणजे या मेव्हण्याचीच मोठी बहीण. नवरा गेला होता आणि भावाचे तोंड पाहायला ती तयार नव्हती. खरे सांगतो, मला प्रकरण सोपे वाटले. दुसऱ्या दिवशी मेव्हण्याच्या अटकेचे कागद तयार करायला मी सांगितले.

त्याच दुपारी इमारतीसमोर गाद्या भरणारे एक चाचा ठाण्यात आले. दारातच घुटमळले. चहा मागवला, मग बोलले.

"साहेब, माहं नाव कुठी येऊ देऊ नका. तो पट्टा आदमी पडल्यावर बांधला जी. ठेकेदारानं गाडीतून काहाडला. लोकायले वाटलं, उचलून राह्यला. आदमी सास घेत होता अन् हा पट्टा बांधून राह्यला होता!"

मी तडक उठलो. मुद्देमालाची खोली उघडून शर्ट आणि पट्टा टेबलावर शेजारी ठेवले. शर्टाला पोटापासून खालपर्यंत साबणाच्या पाण्याचे पांढरे चट्टे धरले होते. पट्ट्यावर साबणाचा एक शिंतोडा नव्हता. आतल्या बाजूची घडीसुद्धा मोडली नव्हती. हे मी पंचनाम्याच्या वेळीच पाहायला हवे होते.

ठेकेदाराला पुन्हा बोलावले. मी आवाज चढवला नाही. चढवला की माणूस सावध होतो.

"पट्टा कितीला दिला?"

"आठला."

"साबणाची बादली कमरेलाच होती ना?"

"हो."

मी दोन्ही वस्तू त्याच्यापुढे सरकवल्या. "मग शर्ट भिजला आणि पट्टा कोरडा कसा?"

त्याने पट्टा उलटा करून पाहिला. मग त्याने पाणी मागितले आणि आम्ही समजलो. पाणी पिऊन त्याने सांगितले, पट्टे दोन होते. घालून काम हळू होते, म्हणून गाडीतच ठेवले. उद्घाटनाच्या खुर्च्यांचा टेम्पो आला तेव्हा त्या उतरवायला त्यानेच मेव्हण्याला गच्चीवरून खाली बोलावले, "दोर कठड्याला बांध आणि ये" म्हणून. कठड्याचे सिमेंट अजून ओले होते, भाराने तो उखडला.

निष्काळजीपणाने मृत्यू आणि पुराव्यात फेरफार, असा गुन्हा दाखल करून त्याला अटक केली. मी मेव्हण्याला विचारले, "पट्टा नव्हता हे तुला माहीत होतं. बोलला काहून नाहीस?"

"पट्टा नसन का असन, साहेब. दोर धरणारा मीच होतो ना. मी हाकेले ओ देली."

मग मी त्याच्या बहिणीला आत बोलावले आणि झाले ते सगळे सांगितले. ती उठून भावाजवळ गेली. त्याने हात खांद्यावरच्या दुपट्ट्यात गुंडाळले होते. तिने दुपट्टा सोडला, मुठी उघडल्या. दोन्ही तळव्यांची कातडी निघून मांस उघडे पडले होते. कठडा उखडल्याचा आवाज ऐकून तो जिन्यावरून परत धावला होता आणि सुटलेला दोर त्याने धरला होता.

"मले काहून नाई सांगतलं रे?" ती रडत म्हणाली.

"दोर थांबला कुठी, ताई," तो म्हणाला.

दोर खांबाला पक्का बांधावा, पट्टा अंगात असावा आणि दोर त्या पट्ट्याला जोडलेला असावा. हे पुढे मी दिसेल त्या ठेकेदाराला दरडावून सांगत आलो. पण पोलीस म्हणून या प्रकरणाने मला जे शिकवले, त्याची आजही लाज वाटते. तो माणूस दोन दिवस माझ्यासमोर बसला होता. मी त्याची कबुली लिहून घेतली, त्याचे हात मात्र पाहिले नाहीत.