दुनिया बुडायची पुस्तकं

मला बारावीच्या क्लाससाठी लातूरला धाडलं होतं, आणि मी रद्दीवाल्या चाचांकडं जुने गाइड घ्यायच्या नावाखाली कादंबऱ्या हुडकायचे. त्याही तसल्याच. अंतराळयानं, तारे, हिरवी माणसं मला नकोत. आपल्याच जमिनीवर शहरं ओस पडलेली, नळ आटलेले, दोन-चार माणसं उरलेली, असलं पाहिजे. चाचा हसायचे. "आसमानवाली नक्को, दुनिया डूबनेवाली होना! अजब छोकरी है," म्हणत एखादं इंग्रजी पुस्तक बाजूला काढून ठेवायचे.

खोलीवर आणलं की त्याला फिजिक्सच्या नोट्सचं कव्हर. घरच्यांची भीती नव्हती, ते तिकडं नायगावात. भीती रूम पार्टनरची. ती औशाकडची, भूकंपातली. ती लहान असताना तिची थोरली बहीण ढिगाऱ्यात गेली. नव्या गावात पक्कं घर मिळालं, पण त्यात ज्वारीची पोती. माणसं अजून भिऊन शेजारच्या पत्र्याच्या शेडात निजायची. आणि अशा पोरीच्या उशाशी बसून मी पडलेल्या शहरांच्या गोष्टी चवीनं वाचायचे! लाज वाटायची. पण सुटत नव्हतं.

शेवटी त्या कव्हरानंच घात केला. एका रविवारी टेस्टहून आल्यावर तिनं फिजिक्स समजून तेच उचललं. आतलं चित्र बघितलं.

"काय हाय गं ह्यात?"

"काही न्हाई. भूकंपानंतरचं शहर."

वाटलं, आता रडेल, नाहीतर फेकून मारील. तिनं मांडी घातली. "माझं इंग्लिश कच्चं हाय. मराठीतून सांग की."

मी पानावर बोट ठेवून सांगत गेले. ती मध्येच खवळायची. "एवढे लोक मेले अन् रडायला एक बी न्हाई? आमच्यात तर गावोगावचे लोक धावून आले होते!" मग ते पान आलं, जिथं बाप ढिगाऱ्याखालच्या पोरीला हाका मारतो. छापलं होतं, की आतला आवाज हळूहळू बंद झाला. माझी जीभ रेटेना. मी म्हणाले, "मग पोरीला बाहेर काढलं. जिवंत."

पानावरचं माझं बोट सुटलेलं तिनं बघितलं.

"खोटं सांगायलीस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुस्तक मिटायला गेले, तर तिनं मनगट धरलं.

"मिटू नको. खोटं असू दे. बाहेर काढल्यावर ती पाणी मागते का, तेवढं सांग."