निरोप ज्याचा त्यालाच

आमच्या शाळेच्या शिपाईमामांइतका भरवशाचा माणूस अख्ख्या पोलादपूर तालुक्यात सापडणार नाही, आणि त्यांच्याइतका डोक्याला ताप देणाराही. मामांचा नेम एकच: निरोप ज्याचा आहे त्यालाच द्यायचा, तोही समोरासमोर. फोन खिशात असतो, पण "तिकडं कोण ऐकतंय काय ठावं?" म्हणून तो खिशातच राहतो. मध्ये कुणी चौकशी केली तर उत्तर ठरलेलं, "तुमचा नाय." एकदा आम्ही मुलांना घेऊन सहलीला निघालो होतो. सगळे बसमध्ये बसलेले, फक्त सहलीचे प्रमुख सर यायचे होते, आणि मामा बसच्या दाराशी छत्री धरून उभे. आम्हाला वाटलं, टाटा करायला आले असतील. बऱ्याच वेळाने सर आले तेव्हा मामांनी त्यांच्या कानात सांगितलं, की कशेडी घाटात दरड आली आहे, रस्ता बंद. तोवर मुलांनी डबे संपवले होते आणि एकाला तर बस जागेवर उभी असतानाच बस लागलीसुद्धा होती.

मी तेव्हा त्या शाळेत तासांवर शिकवत होते. जेवढे तास तेवढा पगार, आणि सुट्टीत काही नाही. इकडे उमरठला घरी आईने माझं लग्न अगदी मनावर घेतलं होतं. नोकरी कायम झाली तरच त्यातून माझी सुटका होणार होती. संस्थेच्या महाडच्या कार्यालयात सोमवारी मुलाखत होती, म्हणून शांतपणे तयारी करायला मी शनिवारी पहाटेच पाचाडला मावशीकडे गेले. आणि नेमकं त्याच सकाळी संस्थेने ठरवलं, की मुलाखती आजच दुपारी उरकायच्या. मुख्याध्यापक मामांना म्हणाले, "मॅडमना ताबडतोब कळवा." मामा ताबडतोब एसटी पकडून उमरठला आमच्या दारात हजर झाले.

आईने त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी, आणि तोंडात "मॅडम हायत का? काम चांगलं हाय, पण सांगणार त्यांनाच." आमच्याकडे जो अनोळखी माणूस सकाळी ठेवणीतले कपडे घालून येतो, लग्नाच्या मुलीची चौकशी करतो आणि कामाचं काही बोलत नाही, तो एकाच कामासाठी आलेला असतो. आईने शेजारून काकांना बोलावलं, मामांना बुद्धाच्या तसबिरीखालच्या खुर्चीत बसवलं आणि शिरा केला. मामांनी शिरा खाल्ला, काकांशी भातशेतीवर गप्पा मारल्या, आणि मधूनमधून "मॅडम कधी येतील?" विचारत राहिले. एवढी ओढ पाहून स्थळ पक्कंच झालं, असं काकांना वाटलं म्हणे.

आईचा मला फोन आला. "पाहुणे आलेत गो, लगेच नीघ." कसले ते सांगेना, कारण सांगितलं की मी येत नाही हा तिचा अनुभव. न सांगताही मला कळतं, हा माझा. मी मुद्दाम मावशीच्या खाणावळीत भाकऱ्या थापत बसले. शेवटी काकांनी फोनवर दम भरला तेव्हा उठले, डोक्यावर वाटीभर खोबरेल थापलं आणि मावशीचा विटका पंजाबी ड्रेस चढवला. पाहुण्यांनी बघताक्षणी चपला घालाव्यात, एवढीच इच्छा होती. महाडला गाडी बदलताना संस्थेच्या कार्यालयासमोर बरीच माणसं दिसली. आज इथे काय आहे, असं मनाशी म्हणत मी पोलादपूरच्या एसटीत चढले.

घरात शिरले तर खुर्चीतून मामा उठले. "मॅडम, मुलाखत सोमवारी नाय, आज हाय. महाडला. चालू पण झाली असंल."

"सकाळपासून बसलात आणि आईला एका शब्दाने सांगता आलं नाही?" मी किंचाळले.

"त्यांचा निरोप नव्हता," मामा म्हणाले.

आईचा चेहरा पडला. काकांसमोर झालेली फजिती तिला सहन झाली नाही. "गेली तर गेली मुलाखत," ती म्हणाली. "अशी काय कलेक्टर होणार हायस?" ते वाक्य घेऊनच मी काकांच्या मोटारसायकलवर बसले. महाडला पोचले तेव्हा मुलाखतीची समिती उठायच्या बेतात होती. अध्यक्ष माझ्या तेलकट डोक्याकडे बघत राहिले, तेव्हा मी सगळं खरं सांगून टाकलं. हसून हसून त्यांना ठसका लागला, पण पाणी पिऊन त्यांनी मला नीट प्रश्न विचारले. नोकरी मिळाली.

संस्थेच्याच महाडच्या शाळेत रुजू झाले आणि तिथेच खोली घेतली. मामांचं मात्र त्या शिऱ्यानंतर उमरठला जाणं-येणं सुरू झालं. आईशी माझा रोज फोन व्हायचा, पण पाऊस आणि जेवण यांच्यापलीकडे आम्ही दोघी जात नव्हतो. तिचं ते बोलणं मला लागलं होतं, आणि तेवढं मी तिला सांगत नव्हते.

एका दुपारी मामा माझ्या वर्गाच्या दाराशी उभे. आमच्या मुख्याध्यापिकांनी विचारलं, तर त्यांनाही "तुमचा नाय." तास संपेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "आईंचा निरोप हाय. त्या दिवशी मी बोलले ते चुकलं, म्हणाल्या. नोकरी सोडू नको. लग्नाचं तू काढशील तेव्हाच बोलू."

"मग रोज फोन करते तेव्हा का नाही बोलली?" मी चिडूनच विचारलं.

"बोलायला घेतात वो. जमत नाय त्यांना."

मला हे आईच्या तोंडून ऐकायचं होतं. पण आम्हा दोघींना ते कधी जमलं नसतं, हेही मला माहीत होतं. मी तोंड फिरवून डोळे पुसले. मामा तिथेच उभे.

"कळलं ना, मॅडम?"

मी मान हलवली. तरी ते हलेनात.

"तोंडानं सांगा," मामा म्हणाले. "उलटा निरोप आईंना न्यायचा हाय. त्या वाट बघत असतील."