असोद्याचा टॅब

माझ्या थोरल्या जावेकडे टॅब आला, तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं. आम्ही जळगावात राहतो, ती असोद्याला शेतावर. मोठ्या दिरांनी तो केळीचे भाव बघायला घेतला होता. पण त्यांचं सगळं काम फोनवरच भागायचं आणि टॅब हळूहळू स्वयंपाकघरात सरकला. अक्का, म्हणजे माझी ही जाऊ, त्यावर कीर्तन लावून भाकरी थापायची. मी हसायचे. म्हणायचे, टीव्ही काय वाईट होता?

मग एकदा पुण्याहून लेकीचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, "काल मी भरीत केलं, एकदम आपल्याकडच्यासारखं झालं."

"कसं काय? तुला तर येत नव्हतं."

"काकूने शिकवलं ना, व्हिडिओ कॉलवर. ती तिकडे करत होती, मी इकडे."

भरीत. माझ्या हातचं भरीत खाऊन ही पोर मोठी झाली. दर हिवाळ्यात मी तिच्यासाठी वांगी निवडून आणते, भाजून, सोलून, कुटून डब्यात भरून पाठवते. आणि शिकली कोणाकडून, तर काकूकडून! मी "बरं झालं" म्हटलं, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

त्यानंतर मी लक्ष ठेवू लागले. असोद्याला गेले की अक्का सहज सांगायची, काल पोरीचा फोन होता, परवा होता. माझ्याशी लेक बोलायची ती ऑफिसातून निघताना, रिक्षा मिळेपर्यंत. काकूशी मात्र भाजी चिरण्यापासून ती शिजेपर्यंत. मी स्वतःची समजूत काढली की हे सगळं त्या टॅबचं आहे. मोठा पडदा, ओट्यावर उभा करता येतो, हात मोकळे राहतात. माझ्याकडे असता तर माझ्याशीही बोलली असती.

मी घरी ब्लाउज शिवते. गिऱ्हाइकं फोनवर डिझाइन पाठवतात आणि गळ्याची पट्टी कुठे वळते ते बघायला मला दोन बोटांनी चित्र ताणावं लागतं. हे निमित्त चांगलं होतं. मी नवऱ्यासमोर टॅबचा विषय काढला.

"फोनवर दिसतं तेच मोठं बघायला आणखी एक वस्तू?" ते म्हणाले. "महिन्याभरात कपाटात जाईल."

"वहिनींचा गेला का कपाटात?"

त्यांनी पेपर उचलला.

अक्काच्या कानावर हे गेलं असावं. पुढच्या खेपेला तिनं टॅब चार्जरसकट माझ्या पिशवीत घातला. "घेऊन जाय आठ दिवस. वापरून पाह्य. कामाचा वाटला तं घे, नाही तं कशाले घेते?" तिचा हा मोठेपणाही मला बोचला. पण टॅब मी आणला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पलंगावर उताणा पडला होता आणि मी मशीनवर बाही लावत होते. टॅब वाजू लागला. पडद्यावर माझ्या लेकीचं नाव. अक्काच्या खात्यावर आलेला फोन. मी उठून बटण दाबलं, तिला माझा चेहरा नाही, नुसता छताचा पंखा दिसत असणार. मी काही बोलायच्या आत तिनं सुरुवात केली.

"काकू, आईला अजून बोलली नाहीस ना? मी नोकरी सोडल्याचं? सोमवारपासून त्या लहान मुलांच्या शाळेत जातेय चित्रकला शिकवायला. खूप मस्त वाटतंय गं. फक्त आईची भीती वाटते. तिनं नशिराबादपर्यंत सगळ्यांना माझ्या कंपनीचं नाव सांगून ठेवलंय."

मी पलंगाच्या कडेवर बसले. टॅब हातात घेतला, तसा तिला माझा चेहरा दिसला.

"आई?" ती म्हणाली.

मला रागवायचं होतं. नोकरीबद्दल नव्हे, नोकरी मला त्या क्षणी आठवलीही नाही. तोंडून निघालं ते एवढंच, "काकूला आधी सांगितलंस."

"काकू काही विचारत नाही गं," ती रडत म्हणाली. "तू लगेच विचारतेस, पुढे काय, लोकांना काय सांगायचं."

मी फोन ठेवला नाही. तिला शाळेबद्दल विचारलं. वर्ग कसा आहे, मुलं केवढी आहेत, ती ऐकतात का. ती आधी अडखळत बोलली, मग मोकळी झाली.

संध्याकाळच्या बसनं मी असोद्याला गेले आणि टॅब अक्कासमोर ठेवला. "तुम्हाला माहीत होतं. मला एका शब्दानं बोलला नाहीत."

अक्का वाल सोलत होती. तिचा हात थांबला. "तिनं सांगू नको म्हटलं व्हतं, मी कशी सांगू? पोरगी तुहीच हाये ना वं. मह्याजवळ बोलली म्हनून मही झाली का?"

मी खाली बसले आणि तिच्यासोबत शेंगा सोलू लागले. तिनं चहा टाकला. मी म्हटलं, साखर कमी. तेवढंच बोलणं झालं.

लेक सुट्टीला आली, तेव्हा आम्ही दोघी टॅब घ्यायला दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, कशासाठी हवा? मी सरळ सांगितलं, ब्लाउजची डिझाइनं बघायला. त्याचा उपयोग खरंच होतो. गळ्याची पट्टी स्पष्ट दिसते, डोळे दुखत नाहीत, गिऱ्हाइकालाही समोर धरून दाखवता येतं. नवराही हल्ली त्यावरच पेपर वाचतो, मला मात्र तसं बोलून दाखवत नाही.

पुण्याला परतल्यावर लेकीनं त्याच्यावर पहिला फोन केला. तिच्या वर्गातल्या एका मुलीनं जांभळा हत्ती काढला होता, तो दाखवला. मग म्हणाली, "आई, काकूला पण घेऊ का कॉलमध्ये?"

"घे," मी म्हटलं.

अक्का आली, पीठ लागलेल्या हातानं. हत्ती बघून ती काहीतरी म्हणाली आणि लेक खळखळून हसली. मीही हसले आणि टॅब जरा माझ्याजवळ ओढून घेतला.