मेहुण्याचा गळा, भावोजींचा ड्रम

गायक 'घशा'ला बँडमधून हाकललं, ही बातमी कोपऱ्यावरच्या शिंप्याने गिऱ्हाइकांची मापं घेता घेता साऱ्या गल्लीला पुरवली. पुरावा काय, तर गायक स्वतःचा माइकचा स्टँड खांद्यावर टाकून, मान खाली घालून घरी येताना दिसला. बातमी साफ खोटी. स्टँड त्याने आपल्या एकट्याच्या कार्यक्रमासाठी आणला होता, आणि मान खाली होती ती जिन्याची फरशी फुटकी आहे म्हणून. त्याला हाकलायची इच्छा मात्र एका माणसाला जरूर होती: बँडचा ड्रमवाला, मालक आणि घशाच्या सख्ख्या ताईचा नवरा. शिंप्याचे कान फुंकले तेही त्यानेच.

'घसा' हे नाव इमारतीने ठेवलेलं. ऐन उन्हाळ्यात गळ्यात मफलर, थंड पाण्याशी जन्माचं वैर, जिन्यात कोणी सिगारेट पेटवली की हा नाक दाबून पसार. बँड म्हणाल तर भलताच मोठा. त्याच्या नावावर मैदानं भरतात, पोरं शर्टावर या मंडळींची तोंडं छापून हिंडतात. पण त्या बँडमध्ये घशाचं काम एकच, बेंबीच्या देठापासून ओरडणं. एकदा त्याने आपली स्वतःची गाणी भीत भीत ऐकवली, तर भावोजी जांभई देऊन म्हणाले, "ही गाणी आहेत की झोपेची गोळी?"

मग घशाने ती एकट्याने, एका गिटारीवर रेकॉर्ड केली. झालं! ज्या गोळीने भावोजींना झोप येत होती, तिनेच त्यांची झोप उडवली. रेडिओवर तीच गाणी, सलूनमध्ये तीच, आणि खुद्द त्यांच्या स्वयंपाकघरात बायको भांडी घासताना तीच गुणगुणतेय.

तेव्हापासून तळघरातल्या तालमीत घशाशी कोणी धड बोलेना. गिटारवाला तर भावोजींच्या ताटाखालचं मांजर. "या, या, एकटे कलाकार!" असं रोजचं स्वागत. घसा अपमान गिळायचा, वर कोमट पाणी प्यायचा आणि गायचा.

शनिवारी संध्याकाळी मैदानात बँडचा कार्यक्रम होता आणि रविवारी छोट्या सभागृहात घशाचा एकट्याचा, पहिलावहिला. शनिवारी दुपारी ताई धापा टाकत जिना चढून आली.

"सांभाळून गा रे बाबा. हे काल फोनवर म्हणत होते, उद्या याचा गळा असा बसवतो की रविवारी तोंडातून वाफसुद्धा निघणार नाही."

"बसवणार कसा? दाबणार?"

"मला काय ठाऊक! मी तुझी बहीण आणि त्यांची बायको. अर्धं ऐकायचं, अर्धं विसरायचं, असा माझा संसार."

कसा, ते पहिल्याच गाण्यात कळलं. ड्रमवाला काठीवर काठी आपटून चार मोजतो, आणि ज्या वेगाने मोजतो त्याच वेगाने गाणं पळतं. भावोजींनी मोजलं ते घराला आग लागल्यासारखं. दोन ओळींमध्ये श्वास घ्यायला फट राहिना. दुसरं गाणं त्याहून जोरात. गिटारवाल्याच्या बोटांना फेस यायचा तेवढा बाकी होता, तरी मांजर हसतच होतं. तिसऱ्या गाण्यात घशाचा आवाज फाटला, आणि भावोजींच्या अक्कलदाढा मैदानाला दिसल्या.

चौथं गाणं बँडचं सगळ्यात गाजलेलं. काठ्या वाजल्या, गाणं सुटलं, पण घशाने तोंडच उघडलं नाही. माइक उचलला आणि लोकांपुढे धरला. लोकांना शब्द तोंडपाठ. सगळं मैदान गाऊ लागलं. पण एवढी माणसं एकत्र गातात ती आपल्या सवडीने, भरल्या पोटी फेरफटका मारल्यासारखी. भावोजी पुढे, मैदान मागे. त्यांनी खूप ओढाताण केली, तर पुढच्या रांगेतून आरोळी आली, "काका, गाडी चुकतेय का?" खसखस पिकली. शेवटी भावोजी मुकाट्याने मैदानाच्या चालीने वाजवू लागले. पुढे वेग वाढला रे वाढला की माइक लोकांकडे.

कार्यक्रम संपल्यावर पडद्यामागे भावोजींनी काठ्या भिंतीवर फेकल्या. "चारचौघांत माझी शोभा केलीस! उद्याचा कार्यक्रम सोड, नाहीतर बँड सोड."

"दोन्ही सोडत नाही," घसा मफलर गुंडाळत म्हणाला.

गिटारवाला फिस्सकन हसला. भावोजींना तेवढाच जोर चढला. "फार मोठा झालास! उद्या तुझ्यामागे ड्रम कोण वाजवणार, ते तरी कळू दे."

"कोणीच नाही, भावोजी. म्हणून तर एकटा गातोय."